गीझर गळतोय? थेंब कुठून पडतोय ते आधी पाहा

मी जयपूरहून बोलतोय. इथे नळाला बिसलपूर धरणाचं पाणी येतं, पण कित्येक सोसायट्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर चालतात. असं पाणी गीझरला लवकर खातं. मग आपलं बाथरूम भिजतंच, खालच्यांचं छतही ओलं होतं.

थेंब सेफ्टी व्हॉल्व्हमधून, तेही पाणी तापतानाच पडत असतील तर घाबरू नका. 25 लिटर पाणी 15 अंशांवरून 60 अंशांवर गेलं की सुमारे 400 मिलिलिटर फुगतं. त्याला वाट हवी. ते भोक कधीही बुजवू नका. नळी लावून मोरीच्या जाळीत सोडा. गीझर बंद असतानाही थेंब थांबत नसतील तर प्लंबरकडून व्हॉल्व्ह तपासून घ्या.

पाइपच्या जोडावर गळत असेल तर वॉशर किंवा पाइप बदलून भागतं. पण टाकीच्या बुडातून गंजाचं पाणी आलं, तर टाकी गेली समजा. एम-सील लावून ती टिकत नाही.

टाकी वाचवतो तो आतला मॅग्नेशियमचा रॉड, म्हणजे अ‍ॅनोड. तो स्वतः झिजतो, म्हणून लोखंड गंजत नाही. दरवर्षी थंडीआधी तो तपासा, संपत आला की बदला.

गळती दिसली तर आधी एमसीबी पाडा, मग गीझरचा अँगल कॉक बंद करा. तो कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला आजच दाखवा. गावाला जाताना दोन्ही बंद!