लस घेतली नि पाळी पुढे गेली?

एप्रिल २०२१. १ मेपासून १८ वर्षांवरील सगळ्यांना कोरोनाची लस खुली होणार, तेवढ्यात व्हॉट्सॲपवर संदेश फिरला: पाळीच्या पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर लस टोचून घेऊ नका. सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने तो खोटा ठरवला. शंका मात्र उरल्याच. बुलढाण्यात घाटावर काय नि घाटाखाली काय, असल्या शंका बाया आधी आशाताईलाच विचारतात. त्या शंकांची ही उत्तरे.

गैरसमज: पाळीत लस घेतली तर धोका असतो.
वस्तुस्थिती: याला कुठलाही आधार नाही. लस महिन्याच्या कोणत्याही दिवशी चालते.

गैरसमज: पाळी बदलली, हा बायकांच्या मनाचा खेळ.
वस्तुस्थिती: तक्रार खरी होती. लसीच्या मूळ चाचण्यांत पाळीबद्दल विचारलेच नव्हते. त्यामुळे उत्तर उशिरा आले आणि तोवर अफवेला रान मोकळे मिळाले. सप्टेंबर २०२२ मध्ये जवळपास २० हजार जणींच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ॲस्ट्राझेनेका, म्हणजे आपली कोव्हिशील्ड, घेतलेल्याही होत्या. पाळी पुढे गेली होती, पण सरासरी एका दिवसाहूनही कमी, आणि बहुतेकींची पुढच्या चक्रात पूर्ववत झाली. लसीने जागी झालेली प्रतिकारशक्ती पाळीच्या संप्रेरकांना थोडा वेळ ढवळत असावी, असे तज्ज्ञ मानतात. काहींना अंगावरून जास्तही गेले. युरोपच्या औषध नियामकाने ऑक्टोबर २०२२ मध्ये फायझर आणि मॉडर्नाच्या दुष्परिणामांत त्याची नोंद करायला सांगितले.

गैरसमज: पाळी बिघडली, आता मूल होणार नाही.
वस्तुस्थिती: बोस्टन विद्यापीठाने मूल हवे असलेल्या दोन हजारांहून अधिक जोडप्यांचा अभ्यास केला. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्यांत दिवस राहण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

गैरसमज: लसीनंतर जे झाले, ते लसीमुळेच.
वस्तुस्थिती: खरा धोका इथे आहे. पाळी चुकण्यामागे गर्भधारणा, थायरॉइड, पीसीओडी असू शकते. जास्त जाण्यामागे गर्भाशयातली गाठ. तासा-दोन तासाला पॅड बदलावे लागत असेल, सात दिवसांहून जास्त जात असेल, तीन महिने पाळी आली नसेल किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर ग्रामीण रुग्णालय गाठा आणि हिमोग्लोबिनही तपासा; राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. लस केव्हा घेतली ते डॉक्टरांना जरूर सांगा, पण तिच्यावर ढकलून तपासणी टाळू नका.