सिलिंडर शीर्षातील तडे
अंतर्ज्वलन-एंजिनातील सिलिंडराचे वरचे तोंड बंद करणाऱ्या भागाला सिलिंडर शीर्ष म्हणतात. यातूनच शीतक द्रव व वंगण तेल यांचे मार्ग जातात. टर्बोभारक (निष्कास वायूंवर चालणारा हवेचा संपीडक) जोडल्याने लहान एंजिनापासून अधिक शक्ती मिळते; तथापि शीर्षावरील दाब व उष्णताही वाढतात. शीतक गळून कमी झाल्यास ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचे शीर्ष काही ठिकाणी अतितप्त होते आणि असमान प्रसरणामुळे त्याला तडा जातो. तड्यातून गळणारे तेल तप्त निष्कास नळीवर वा टर्बोभारकावर पडल्यास पेट घेते.

या दोषामुळे आगी लागल्याने फोर्ड कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील १·६ लिटर एंजिनाच्या ४,५५६ कुगा मोटारगाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. त्याच वर्षी अमेरिकेतील गाड्यांत शीतकाची पातळी दर्शविणारा संवेदक बसविण्याचे तिने ठरविले. तापमान संवेदक द्रवात बुडालेला नसल्यास त्याचे वाचन फसवे ठरू शकते; म्हणून पातळीची स्वतंत्र सूचना महत्त्वाची असते. अशी सूचना मिळताच गाडी थांबवून एंजिन बंद करावे. एंजिन निवेपर्यंत शीतकाच्या टाकीचे झाकण उघडू नये.