गाडीची गळती : पॅकिंग निर्दोष असतं तेव्हा

आज क्रँकच्या मागच्या सीलबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय, कारण मधेच साताऱ्याहून एक पत्र आलंय. त्यातली तक्रार सोडवल्याशिवाय मागच्या सीलला हात लावणं म्हणजे गिअरबॉक्स उतरवायची मजुरी पाण्यात घालणं.

पत्र लिहिणाऱ्यांची जुनी अल्टो आहे, 796 सीसीची. टॅपेट कव्हरचं पॅकिंग वर्षात तीनदा बदललं. आधी बाजारातलं साधं, मग कंपनीचं, आणि तिसऱ्या वेळी त्याच्यावर सिलिकॉनचा लपका. दर वेळी काही दिवस कोरडं, मग पुन्हा ओघळ आणि सिग्नलला उभं राहिलं की जळक्या तेलाचा वास. इंजिन पुसून त्यावर पावडर भुरभुरायची आणि ती कुठे ओली होते ते पाहायचं, हा गळती शोधायचा प्रयोगही त्यांनी नीट केला. पावडर कव्हरच्या कडेला ओली झालीच, पण डिपस्टिकच्या तोंडाशीही झाली. मेकॅनिक आता इंजिन खोलायचं म्हणतोय.

पत्रातली ही डिपस्टिक मला फार महत्त्वाची वाटते. एक पॅकिंग कडक होऊन गळू शकतं. पण नवं पॅकिंग आणि डिपस्टिकची नळी यांचा एकमेकांशी संबंध काय? दोन्हीकडून एकदम तेल येत असेल, तर आतून कोणीतरी ते ढकलतंय.

ढकलणारा वायू सिलिंडरमधून येतो. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी प्रत्येक स्फोटातला थोडा वायू त्यांना चुकवून खाली क्रँकच्या चेंबरमध्ये उतरतोच. तो बाहेर पडायला वाट लागते. जुन्या ट्रकांना त्यासाठी खाली नुसती नळी सोडलेली असे, ती रस्त्यावर धूर आणि तेलाचे थेंब टाकत जाई. मोटारींत ही घाण हवेत सोडायची नाही असा आग्रह आधी कॅलिफोर्नियात धरला गेला, तिथल्या 1961 च्या मॉडेलांपासून. तो वायू पुन्हा इनटेकमध्ये ओढून जाळायचा आणि मधे एक छोटी झडप बसवायची. तिला पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात, गॅरेजात ‘ब्रीदर व्हॉल्व्ह’ म्हटलं की कळतं. आत एक दांडी आणि एक स्प्रिंग, बाकी काही नाही. गाडी आयडलिंगला असताना इनटेकची ओढ जोरात असते, तेव्हा झडप वाट अरुंद करते. ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होते आणि वाट रुंद होते.

ही वाट तुंबली की चेंबरमध्ये दाब साठतो. ऑइल सील आणि पॅकिंग ही तेल अडवायला बनवलेली असतात, दाब थोपवायला नाहीत. जिथे पकड सर्वात ढिली, तिथून तेल बाहेर येतं. तुम्ही ती जागा बुजवलीत की ते पुढची जागा शोधतं. म्हणून तिसऱ्या पॅकिंगनंतर डिपस्टिक ओली झाली, आणि ती बंद केलीत तर पाळी क्रँकच्या सीलची.

बुलेटवाल्यांना हे निराळं सांगायला नको. बिडाच्या जुन्या इंजिनाला चोचीसारखी एक रबरी झडप असते. ती कडक झाली की गाडी चहूबाजूंनी पाझरायला लागते आणि मालक ‘बुलेट म्हटलं की तेल आलंच’ म्हणत गोणपाट पसरतो. ही समजूत मला मुळीच मान्य नाही.

वाट तुंबते कशाने? एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. त्यातला थोडा भाग रिंगांवरून खाली येतो. घर ते मंडई, मंडई ते घर, एवढीच गाडी चालली तर इंजिन पुरतं तापत नाही, ती वाफ आत थिजते आणि तेलात मिसळून दुधाळ कॉफीच्या रंगाचा चिकटा होतो. पावसाळ्यात ऑइलचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला दिसतो तोच. तो पाहून कोणी लगेच हेड गॅस्केट गेलं म्हणाला तर आधी कूलंटची पातळी बघा. ती आठवडाभर जागची हलली नसेल तर गॅस्केटला दोष देऊ नका.

आता तपासणी. इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवा, ऑइलचं झाकण काढा आणि त्या तोंडावर वहीचा पातळ कागद अलगद धरा. जरा थांबा. कागद हळूच आत ओढला गेला तर वाट मोकळी आहे. फडफडला, उचलला गेला, तर दाब आहे. मग झडप काढून कानाशी हलवा: आतली दांडी टकटक वाजायला हवी. मुकी असेल तर नवी घ्या, आणि ती पार्ट नंबर जुळवूनच. दिसायला सारख्या झडपांचे स्प्रिंग वेगळे निघतात. तिचा रबरी पाइपही उपसा, तो आतून फुगून बंद झालेला सापडतो. एअर फिल्टर तेलाने माखला असेल तर कोंडलेला वायू उलट त्या वाटेने जातोय असं समजा.

झडप ठणठणीत, पाइप मोकळा आणि तरीही कागद उडतोय? मग मात्र रिंगा झिजल्यात. मेकॅनिकच्या भाषेत इंजिन ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’. तेव्हाही आधी कॉम्प्रेशन मोजून घ्या, खोलायचं नंतर ठरवा.

चौथं पॅकिंग शेवटी बसवायचंच आहे. पण कव्हर आणि हेडच्या कडा आधी खरवडून कोऱ्या करा, रबरी पॅकिंगला सिलिकॉन फासू नका, आणि बोल्ट मनगटाच्या जोराने, आडवेतिडवे थोडे थोडे आवळा. जास्त आवळलं की रबर बाहेर निसटतं किंवा कव्हर वाकतं.

मागचं सील पुढच्या आठवड्यात, नक्की. ज्यांनी गिअरबॉक्स उतरवायला गॅरेजात वेळ घेतली आहे, त्यांनी तेवढे दिवस ती पुढे ढकलावी आणि आधी कागद धरून बघावा.