आडवाटेने मोजलेली टक्कर

सोनईच्या सराफाकडचं सोनं पृथ्वीवर घडलेलं नाही. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत अणुकेंद्रकं भराभर न्यूट्रॉन गिळतात, त्यातून असे जड धातू बनतात; 2017 मध्ये तशी टक्कर दुर्बिणींनी टिपलीही. पण ही केंद्रकं अल्पायुषी. ती न्यूट्रॉन कसे गिळतात हे मोजायला त्यांची चकती करून तिच्यावर न्यूट्रॉन मारावेत, तर चकतीच टिकत नाही.

मग आडवाट. अशाच अल्पायुषी प्रोटॅक्टिनियम-233 चं अर्धायुष्य जेमतेम 27 दिवस. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी कुलाब्याच्या पेलेट्रॉन या कणत्वरकातून थोरियमवर लिथियम-6 सोडला. त्यातला अल्फा कण निसटला, उरलेला तुकडा थोरियमला चिकटला आणि झालं प्रोटॅक्टिनियम-234. प्रोटॅक्टिनियम-233 ने न्यूट्रॉन गिळून झालं असतं तेच! त्याचं विखंडन मोजून 2008 मध्ये निष्कर्ष छापले. हेतू थोरियम अणुभट्टीचा होता, सोन्याचा नव्हे. युक्ती मात्र ताऱ्यांच्या गणितालाही चालते. फक्त आडवाटेने आलेल्या केंद्रकाची गिरकी (स्पिन) वेगळी असते, आणि खरी डोकेदुखी तीच.