उपरण्याखालचा भाव आणि चेहऱ्यावरचा भाव

बैलबाजारातला सौदा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. दलाल व गिऱ्हाईक हातांवर उपरणे किंवा टॉवेल टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटे दाबून किंमत ठरवितात. भोवती माणसे उभी असतात, पण भाव कोणाला कळत नाही. एक कानडी व दुसरा मराठी असला तरी सौदा अडत नाही. ही खूण शिकून घेतलेली असते आणि आपण काय सांगत आहोत हे करणाऱ्याला पक्के ठाऊक असते. हात मात्र झाकता येतो, चेहरा उघडाच राहतो. मुरलेल्या दलालाचे लक्ष असते ते तिकडे.

या नकळत होणाऱ्या बोलण्यावर डार्विनने १८७२ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे पॉल एकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने न्यू गिनीतील फोरे लोकांना एकेक छोटी गोष्ट सांगून तिला साजेसे छायाचित्र निवडावयास लावले. आनंद, राग वगैरे त्यांनी बरोबर ओळखले. भीती आणि आश्चर्य यांत मात्र त्यांची गफलत होई.

आता मुलाखतीच्या तयारीची पुस्तके पाहा. त्यांत हमखास सांगितलेले असते की बोलण्याचा परिणाम शब्दांनी ७ टक्के, आवाजाने ३८ टक्के आणि चेहऱ्याने ५५ टक्के होतो. हे आकडे आल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ मधील दोन प्रयोगांतून जोडलेले आहेत. पैकी एकात ‘कदाचित’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द निरनिराळ्या सुरांत ऐकवून सोबत चेहऱ्यांची छायाचित्रे दाखविली होती, आणि विचारले होते एवढेच, की बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही? शब्द एक सांगतो व सूर दुसरे, अशा वेळी भावना कशावरून ओळखावी यापुरतेच ते गणित आहे. खुद्द मेहरेबियन यांनीही तसा खुलासा केलेला आहे. नाहीतर ‘घसारा म्हणजे काय?’ याचे ९३ टक्के उत्तर चेहऱ्यानेच देता आले असते!

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना याची झळ लागते ती नोकरीच्या मुलाखतीत. वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवावी हे आपल्याकडे, मराठी घरात काय आणि कानडी घरात काय, लहानपणापासून शिकविले जाते. टेबलापलीकडचे साहेब त्याचा अर्थ लावतात, मुलाला आत्मविश्वास नाही किंवा तो काही लपवीत आहे. प्रत्यक्षात नजर चुकविणे आणि खोटे बोलणे यांचा म्हणण्यासारखा संबंध संशोधनात आढळलेला नाही. बाँड व डीपावलो यांनी २००६ मध्ये शेकडो प्रयोगांची एकत्र तपासणी केली, तेव्हा खरे-खोटे ओळखण्यात माणसे सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरली. नाणे उडविले असते तरी ५० टक्के मिळाले असते. साहेबांनी नजरेकडे पाहण्याऐवजी जमाखर्चाचा आणखी एखादा प्रश्न विचारला, तर खाली पाहणाऱ्यांपैकी काहींना तरी ती नोकरी मिळेल.