हाराकेकेची पाती आणि माओरी भाषा

न्यूझीलंडच्या माओरी लोकांची भाषा विसाव्या शतकात जवळजवळ बुडालीच होती. १९१३ साली शाळेत जाणाऱ्या माओरी मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुलांना ती बोलता येत असे. १९७५ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांच्याही खाली घसरले. १८६७ च्या कायद्याने माओरी वस्त्यांमध्ये सरकारी शाळा निघाल्या. त्यांचा सारा रोख इंग्रजीवर होता आणि मातृभाषेत बोलले म्हणून पुष्कळ मुलांना छड्या खाव्या लागल्या. हीच मुले मोठी झाल्यावर आपल्या लेकरांशी इंग्रजीत बोलू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर कामधंद्यासाठी कुटुंबे शहरांत गेली, आजी-आजोबा गावाकडेच राहिले आणि नातवंडांच्या कानावर माओरी पडायची बंद झाली.

शाळांमध्ये माओरी शिकवावी, अशी मागणी करणारा अर्ज १९७२ मध्ये ३० हजारांहून अधिक सह्यांनिशी संसदेत दाखल झाला. सरकार हलेपर्यंत वाट पाहण्याइतका वेळ मात्र भाषेपाशी नव्हता. काटेरिना माटाइरा आणि ङोई पेव्हाइराङी या दोघींनी प्रौढांसाठी ‘ते आताराङी’ ही पद्धत रुजवली. रंगीत कांड्या हातात घेऊन, उचलत-ठेवत, केवळ माओरीत बोलायचे. वर्गात इंग्रजी वर्ज्य आणि चुकणाऱ्याला हसणेही वर्ज्य. दुसरा नियम वरवर किरकोळ वाटतो, पण शाळेत मार खाल्लेल्यांच्या मनातली भीती घालवायला तोच उपयोगी पडला असणार.

१९८२ मध्ये वेलिंग्टनजवळच्या वाइनुइओमाटा येथे पहिले ‘कोहाङा रेओ’, म्हणजे भाषेचे घरटे, सुरू झाले. शाळेच्या वयाआधीची मुले दिवसभर माओरी बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या सहवासात राहतील, एवढीच मूळ कल्पना. माओरी व्यवहार खात्याने थोडी मदत केली, पण रोजचा गाडा आई-वडिलांनी आणि आजी-आजोबांनीच ओढला. समाजगृहात, चर्चच्या सभागृहात, प्रसंगी कुणाच्या गॅरेजमध्येही ही घरटी भरत. तीन वर्षांत त्यांची संख्या ३०० च्या वर गेली. मुले पाच वर्षांची होऊन इंग्रजी शाळेत गेली की भाषा विसरू लागत. म्हणून १९८५ मध्ये ऑकलंडच्या होआनी वाइटिटी मराएवर, म्हणजे माओरींच्या सभास्थानी, माओरी माध्यमाची शाळा निघाली. १९८७ च्या कायद्याने माओरी ही अधिकृत भाषा झाली. सरकारी शिक्का सर्वांत शेवटी बसला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या चळवळीच्या जोडीने पारंपरिक विणकामही सावरले गेले. चटया, टोपल्या आणि अंगावर घ्यायची वस्त्रे ‘हाराकेके’ या वनस्पतीच्या पात्यांपासून होतात. तिचे बेट लांबून घायपातासारखे दिसते. प्रत्येक फुटव्याच्या मधल्या कोवळ्या पात्याला ‘रीतो’, म्हणजे मूल, मानतात. त्याच्या दोन बाजूंची पाती आई-बाप आणि बाहेरची जुनी पाती पूर्वज. कापायची ती फक्त बाहेरची. रीतो आणि आई-बापांना हात लावला तर बेटच धोक्यात येते. कापणीआधी प्रार्थना म्हणतात. पावसात आणि रात्री कापणी करत नाहीत. पाते तिरके, बाहेरच्या अंगाला उतरते कापतात. मग त्याच्या पट्ट्या काढून सुरीच्या बोथट कडेने मऊ करतात. वस्त्रासाठी धागा हवा असेल तर शिंपल्याच्या कडेने हिरवा गर खरवडून आतला वाख, ‘मूका’, मोकळा करतात आणि पोटरीवर वळतात. शिकणाऱ्याने विणलेली पहिली वस्तू स्वतःकडे न ठेवता देऊन टाकायची असते.

या प्रत्येक पायरीला माओरीत स्वतंत्र शब्द आहे आणि तो पुस्तकापेक्षा हाताशी चिकटलेला आहे. शिकवणारी सूचना देते, शिकणाऱ्याचे बोट चुकते, ती पुन्हा तेच सांगते. भाषा शिकायला आवश्यक असलेली उजळणी इथे कंटाळा न येता होते. रांगीमारी हेटेट (१८९२–१९९५) या ते कुइटी भागातल्या थोर विणकर. ही विद्या नात्यागोत्यातच ठेवण्याचा रिवाज होता. कलाच नाहीशी होईल हे ओळखून त्यांनी तो मोडला आणि १९५१ मध्ये स्थापन झालेल्या माओरी महिला कल्याण संघामार्फत बाहेरच्या बायकांनाही शिकवले. त्यांची कन्या डिगरेस ते कानावा यांनी तेच काम पुढे नेले. रोटोरुआ येथील कलासंस्थेतही १९६० च्या दशकापासून कोरीवकाम आणि विणकाम शिकवले जाते.

कला टिकली की भाषा आपोआप टिकते, असे मात्र नाही. टोपली इंग्रजीत बोलत बसूनही विणता येते आणि पर्यटकाला विकता येते. शिकवणाऱ्याने माओरी सोडायची नाही असे ठरवले, तरच विणकामाची बैठक भाषेच्या कामी येते. दुसरी अडचण शिकवणाऱ्यांची. लहानपणापासून भाषा बोलत आलेली पिढी वयोवृद्ध होऊन सरत चालली आहे आणि १९९० च्या दशकात ८०० च्या आसपास पोचलेली घरट्यांची संख्या पुढे बरीच घटली.

२०२३ च्या जनगणनेत माओरीत संभाषण करता येते असे २ लाख १३ हजारांहून अधिक लोकांनी नोंदवले. माओरी वंशाच्या लोकांमध्ये हे प्रमाण अजून साधारण पाचांत एक एवढेच आहे.