पेट्रोल उडून गेलं म्हणजे गेलं कुठे?

"पेट्रोल टाका हो थोडं. डाग निघतो आणि ते लगेच उडूनही जातं, मागे काही राहत नाही." हे वाक्य मी सोफे धुऊन देणाऱ्यांकडून ऐकलंय, मंडपवाल्यांकडून ऐकलंय, हळदीकुंकवाला जमलेल्या काकूंकडून ऐकलंय आणि व्हॉट्सॲपवर तर हात जोडलेल्या चित्रासकट वाचलंय. कुणी पेट्रोलऐवजी पांढरं पेट्रोल म्हणतं, कुणी थिनर, कुणी टर्पेंटाइन. दुकानात मिळणारे गालिच्याचे डाग काढायचे स्प्रे आणि बाटल्या यांतही बऱ्याचदा याच कुळातली द्रावकं असतात. सल्ल्याचं शेपूट मात्र सगळीकडे एकच: उडून जातं, मग काळजी कसली?

छत्रपती संभाजीनगरात हा सल्ला जरा जास्तच खपतो आणि त्याला कारणही आहे. जायकवाडीचं धरण पन्नासेक किलोमीटरवर, तरी नळाला पाणी कित्येक दिवसांआड. बादल्या मोजून वापरणाऱ्या घरात नऊ बाय बाराचा गालिचा धुवायला कोण काढणार? बिनपाण्याचा उपाय शोधण्यात गैर काही नाही. गैर आहे ते 'उडून जातं' याचा अर्थ 'संपतं' असा लावण्यात.

पेट्रोल उडतं म्हणजे त्याची वाफ होते, आणि ती वाफ त्याच खोलीत असते. पेटतं ते पातळ पेट्रोल नव्हे, पेटते ही वाफ. त्यामुळे गालिचा वरून कोरडा दिसायला लागला की आपण निर्धास्त होतो, पण नेमकी तेव्हाच खोलीत वाफ सर्वांत जास्त असते. ज्यांना ही अतिशयोक्ती वाटते त्यांनी हिशेब करून पाहावा. अर्धा कप, म्हणजे 100 मिलिलिटर पेट्रोल पूर्ण उडालं की साधारण 20 ते 25 लिटर वाफ होते. हवेत पेट्रोलची वाफ 1.4 टक्के झाली की मिश्रण पेटू शकतं. म्हणजे त्या अर्ध्या कपात दीड घनमीटर हवा पेटण्याजोगी करायची ताकद आहे. दहा बाय दहाच्या खोलीत जमिनीलगत सहा इंच उंचीचा थर, एवढी ती हवा भरते.

जमिनीलगत हा शब्द मुद्दाम वापरला. वाफ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चहाची वाफ येते, वर जाणारी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. वारा नसेल तर ती सांडलेल्या पाण्यासारखी फरशीवरून पसरते, उंबऱ्याखालच्या फटीतून पलीकडच्या खोलीत जाते. म्हणून 'खिडकी उघडी होती की' हे उत्तर अर्धंच बरोबर. खिडकीची कड जमिनीपासून तीन फुटांवर, एक्झॉस्ट पंखा सात फुटांवर आणि वाफ घोट्याएवढ्या उंचीवर. बाहेर उघडणारं दार, बाल्कनीचं असो की जिन्याकडचं, खिडकीपेक्षा जास्त कामाचं.

"पण आम्ही जाळ लावतोच कुठे?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. तुम्ही लावत नाही, घर लावतं. फ्रिजचा थर्मोस्टॅट बंद-चालू होताना बारीक ठिणगी पडते, आणि कॉम्प्रेसर तर तळाशीच बसवलेला. मोरीतला गॅस गीझर, नळ सोडला की टिक-टिक करत ठिणग्या देतो. देवघरात समई. कोपऱ्यात इन्व्हर्टर. अमेरिकेत गॅरेजमधल्या गॅसच्या गीझरची ज्योत किंवा ठिणगी जमिनीपासून 18 इंच वर असावी असा बांधकामाचा नियम आहे. तो याच वाफेमुळे, कारण ती खालून येते. आणि वास घालवायला उदबत्ती लावणारे तर मला हात टेकायला लावतात. उदबत्तीच्या निखाऱ्याने पेट्रोलची वाफ सहसा पेटत नाही, हे मान्य. पण उदबत्ती पेटवायला काडी ओढावी लागते ना?

मग व्हॅक्यूम क्लीनर. ओलसर गालिच्यावर तो फिरवणं म्हणजे वाफ ओढून थेट मोटरीतल्या ठिणग्यांकडे पाठवणं. याहून वाईट उपाय मला तरी सुचत नाही.

"वर्षानुवर्षं करतोय, काही झालं नाही." झालं नाही, कारण वाफ 1.4 टक्क्यांच्या खाली राहिली, किंवा ठिणगी पडली तेव्हा ती तिथे नव्हती. यात तुमचा हात नव्हता. शिवाय ऋतू बदलला की गणित बदलतं. पुस्तकात टर्पेंटाइन आणि रॉकेल पेट्रोलपेक्षा बरे मानतात, कारण पेटण्याइतकी वाफ सुटायला लागते ते तापमान, म्हणजे फ्लॅश पॉइंट, त्यांचा जास्त असतो. पेट्रोलचा उणे 40 अंशांच्या आसपास, तर रॉकेलचा भारतीय मानकानुसार किमान 35 अंश. आता मे महिन्यातल्या गारखेड्यातल्या किंवा सिडकोतल्या वरच्या मजल्यावर या. बाहेर 41, तापलेल्या स्लॅबखाली दुपारी काय असेल ते वेगळं सांगायला नको. पुण्याच्या पावसाळ्यात जे रॉकेल सभ्य वागतं, ते इथे उन्हाळ्यात पेट्रोलच्या पंगतीला बसतं. हिवाळाही बिनधोक नाही. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत नायलॉनच्या गालिच्यावरून चाललं की दाराच्या कडीला हात लावताच चटका बसतो. पेट्रोलच्या वाफेला एक मिलिज्यूलच्या पाव भागाएवढी ठिणगी पुरते, आणि जाणवण्याइतका चटका देणारी ठिणगी सहसा त्याहून मोठीच असते. म्हणून द्रावक लावलेल्या डागावर नायलॉनचा ब्रश खसाखसा घासायचा नाही, सुती फडक्याने टिपायचं.

यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी, की निम्म्या डागांवर पेट्रोलचा उपयोगच होत नाही. द्रावकं चालतात ती तेल, ग्रीस, डांबर, च्युइंगगम, बॉलपेनची शाई, ऑइलपेंट यांवर. चहा, पान, डाळिंबाचा रस हे पाण्यात विरघळणारे डाग. ते साबणाच्या चमचाभर पाण्याने आणि टिपून टिपून जातात. हळदीचा पिवळेपणा तर उन्हातच फिका पडतो, आणि ऊन या शहरात फुकट आहे. आमटी सांडली म्हणून पेट्रोल ओतणाऱ्याने हळद तिथेच ठेवली आणि गालिच्याच्या पाठीचा रबरी गोंद मात्र विरघळवला. दोन महिन्यांनी पाठ सुटायला लागते, तेव्हा दोष गालिच्यावर.

द्रावक लागणारच असेल तर पंपावरचं पेट्रोल नको. त्यात बेंझीन असतं, बीएस-6 मानकात 1 टक्क्यापर्यंत, आणि बेंझीनने माणसाला कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने केव्हाच पक्कं केलंय. याच कामासाठी बनवलेला डबा घ्या आणि त्यावरचा बारीक मजकूर, चष्मा लावून का होईना, वाचा. गालिचा गच्चीवर किंवा अंगणात नेता आला तर निम्मा प्रश्न मिटला. नाहीच नेता आला, तर गॅस, गीझर, समई बंद, दार उघडं आणि पंखा डबा उघडण्याच्या आधी चालू, म्हणजे बटणाची ठिणगी वाफ सुटण्यापूर्वी पडून जाते. गालिच्यावर ओतायचं नाही, फडक्यावर दोन-चार थेंब घ्यायचे आणि आधी कोपऱ्यात रंग जातो का ते बघायचं. हिमरूची शाल किंवा पैठणी असेल तर घरी हातच लावू नका, जाणकाराकडे द्या.

आता किरकोळ गैरसमज. 'वास थांबला म्हणजे वाफ संपली' हे खोटं, नाकाला सवय होते. कापडी मास्क आणि एन-95 धूळ अडवतात, वाफ नाही. 'संत्र्याच्या सालीचं, नैसर्गिक आहे' म्हणून विकलं जाणारं लिमोनीनसुद्धा जळतं, त्याचा फ्लॅश पॉइंट 48 अंशांच्या आसपास. ब्लीचमध्ये द्रावक मिसळल्याने डाग लवकर जात नाही, विषारी संयुगं मात्र तयार होऊ शकतात, आणि ब्लीच लोकर खातं ते वेगळंच. भिजलेलं फडकं वॉशिंग मशीनमध्ये टाकू नये, मोकळ्या हवेत वाळवावं. उरलेलं द्रावक बेसिनमध्ये ओतू नये. 1992 साली मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात गटारात झिरपलेल्या पेट्रोलचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसं गेली.

'न पेटणारं' असं डब्यावर लिहिलंय म्हणून खूश होणारे वेगळे. ड्रायक्लीनिंगमधलं परक्लोरोइथिलीन खरंच पेटत नाही. पण त्याच्या वाफेने गरगरतं, आणि कर्करोगाच्या संशयितांत त्याचं नाव वरच्या यादीत आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने डिसेंबर 2024 मध्ये त्याच्या घरगुती वापरावर बंदी घातली.

राहिला तो गैरसमज, ज्याने पोरांचे जीव जातात. थिनर किंवा पांढरं पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ओट्याखाली ठेवायचं, आणि पोराने घोट घेतला की मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची. पोटात गेलेल्या रॉकेल-पेट्रोलचा खरा धोका फुप्फुसाला असतो. उलटी होताना ते श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसं सुजतात. बोटं घालू नका, मीठ नको, दूधही नको. पोर खोकत असेल, धाप लागली असेल, सुस्त वाटत असेल, तर एक मिनिटही न दवडता 108ची रुग्णवाहिका किंवा सरळ घाटी रुग्णालय. ठीक दिसत असलं तरी न्यायचंच, कारण सूज काही तासांनीही येते. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा 1800 116 117 हा क्रमांक चोवीस तास चालतो. जाताना ती बाटली सोबत घ्या, म्हणजे आत नेमकं काय होतं ते डॉक्टरांना विचारत बसावं लागत नाही.